हौसाच्या तीन परवानग्या

रेवा आणि ईशान,

तुमच्या फ्रिजवर माझा जो फोटो लावलाय, त्याबद्दल रेवानं परवा फोनवर विचारलं. "आजी, तुझ्या शेजारी चपला हातात घेऊन चिखलात उभी असलेली बाई कोण? आणि फोटो इतका वाकडा कसा?" मी तेव्हा एवढंच म्हणाले की ती हौसा, आणि फोटो तिच्या वडिलांनी काढलाय. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण त्यात हौसा कुठेच नाही. ती फोनवर सांगून होण्यासारखी बाई नाही, म्हणून लिहिते आहे. ईशान आता कॉम्प्युटरचंच शिकतो, त्यामुळे मधला काही भाग त्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हौसानं मला जसं समजावलं तसं मी लिहीन. कुठे चुकले तर ईशाननं रेवाला नीट सांगावं.

तुमचे बाबा परदेशी गेल्यापासून साताऱ्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या बघायला एके दिवशी हौसा खरात आली. चाळिशीच्या आसपासची, उंच, उन्हानं रापलेली, सलवार-कमीजवर पुरुषी जाड चपला, काखेत हेल्मेट. औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्यानं घेऊन तिनं स्वतःचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे काही टेबलं, तारा, आणि पाणीपुरवठ्याचे पंप आणि व्हॉल्व्ह आपोआप चालवणारे लोखंडी डबे. डब्यात छोटा कॉम्प्युटर, आणि त्यातला प्रोग्राम हौसानं स्वतः लिहिलेला.

खोल्या बघून झाल्यावर ती खाली आली आणि चौकशी करू लागली. भाड्याची नव्हे, भलतीच.

"बाई, भिंतीला खिळा मारायला चालंल का?"

मी म्हटलं, "आधी विचारायचं."

"आन् तुमच्या कपाटातली पुस्तकं?"

"वाचायला हवी तितकी घेऊन जा. पण पेन्सिलीनं खुणा करायच्या नाहीत."

"ते शिलाई मशीन?"

"ते माझ्या सासूबाईंचं आहे. ते चालवायचं नाही."

ती एकदम मोठ्यानं हसली. "आवं बाई, तुमी तर माझंच काम करताय! वाचायची परवानगी येगळी, लिवायची येगळी, चालवायची येगळी. आमच्या मेमरीत ह्येच असतंय."

कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या मला त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि न कळलेलं तसंच सोडून द्यायची मला सवय नाही. मी तिला पायरीवर बसवलं आणि चहा टाकला. तो चहा निवून गेला, पण तिनं मला समजावलं.

प्रोग्राम चालू झाला की तो मेमरीत येऊन बसतो. पण पोतं ओतावं तसा नाही. त्याचे कप्पे असतात. एका कप्प्यात हुकूम असतात: हे कर, मग ते कर. दुसऱ्यात कधी न बदलणाऱ्या गोष्टी. तिसऱ्यात चालू आकडे, क्षणाक्षणाला बदलणारे. प्रत्येक कप्प्यावर परवानगीची खूण. हुकूम वाचायचे आणि चालवायचे, पण खोडायचे नाहीत. न बदलणाऱ्या गोष्टी नुसत्या वाचायच्या. चालू आकडे वाचायचे, लिहायचे, पण त्यातलं काहीही हुकूम म्हणून चालवायचं नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"कारण लिवायच्या जागेत बाहेरनं काहीबी येऊन पडतंय, बाई. तेच हुकूम म्हणून चालवलं, तर घर तुमचं आन् कारभार दुसऱ्याचा."

मग बोट वर करून, शाळेतल्या मुलीनं पाठ म्हणावा तसं म्हणाली, "लिवतंय तिथं चालवायचं न्हाई, चालतंय तिथं लिवायचं न्हाई."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की एकदा भाजीवाल्याशी बोलताना माझ्याच तोंडून निघालं.

तिचं सगळं जगणं या वाक्यावर बेतलेलं होतं. कारखान्यात ज्यानं डबा जोडला त्यानं तो तपासायचा नाही, तपासणारा वेगळा. स्कूटरला दोन पिशव्या, एकीत अवजारं, दुसरीत जेवण. एकदा घाईत मी तिच्या जेवणाच्या पिशवीत पाना ठेवला, तर तिनं तो शांतपणे काढून दुसरीकडे ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाजीत चप्पल टाकली होती.

दिवाळीला आमच्याकडे चिवडा परतणं चालू होतं. कढईपाशी हौसा. शेजारच्या कुलकर्णीबाई आल्या, वास घेतला आणि मिठाच्या डब्याकडे हात नेला. हौसानं उलथनं आडवं धरलं.

"काकू, आता न्हाई. चालू हाय."

"अगं, पण मीठ कमी आहे."

"असंल. गॅस बंद करते, मग घाला काय घालायचं ते, समद्यांच्या म्होरं. चालू कढईत येता-जाता कुणी काय घातलं ते मागनं कळत न्हाई."

कुलकर्णीबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चिवडा मात्र उत्तम झाला होता. मीठ खरंच कमी होतं.

लग्न का केलं नाही, हे तिला सगळे विचारत. मी विचारलं नव्हतं, तरी तिनंच सांगितलं. "एक स्थळ आलंवतं. शिकलेला होता. म्हटला, लग्नानंतर कारखाना चालवणार का? म्हटलं, चालवणार, तुमी त्यात लिवू नका म्हंजे झालं. चहासुदिक न पिता गेला बघा."

तिचं गाव आटपाडीच्या पलीकडे, पूर्वेच्या कोरड्या मुलखात. घरची परंपरा मेंढपाळीची. दिवाळी सरली की तिचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात, मेंढरं आणि घोड्यावर संसार घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी यायचे आणि पावसाच्या तोंडाला परत जायचे. पोरगी शाळेच्या वसतिगृहात, मग इंजिनिअरिंगला सांगलीत. सुट्टी लागली की तिला घरी जायचं असे, पण घर कुठे आहे ते माहीत नसे. एसटीतून उतरायचं आणि रस्त्यावर विचारत सुटायचं, "खरातांचा वाडा कुठं उतरलाय?" वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ. कधी दुपारपर्यंत सापडे, कधी दुसऱ्या गावाला जावं लागे.

हे मला तात्यांनीच सांगितलं. एकदा ते साताऱ्याला आले होते. आत सोफ्यावर बसायला तयार होईनात. ओसरीच्या कडेला घोंगडी टाकून बसले. वय बरंच, पण पाठ सरळ, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि बोलताना समोरच्यापेक्षा रस्त्याकडे जास्त लक्ष.

त्या दिवशी हौसा मला तिच्या कामातली दुसरी गोष्ट समजावत होती. प्रोग्राम सगळंच ज्ञान बरोबर घेऊन हिंडत नाही, म्हणे. काही कामं करणारे भाग बाहेर वेगळे ठेवलेले असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम चालू झाला की विचारतो, अमुक काम करणारा कुठे राहतो? पत्ता मिळाला की तो एका तक्त्यात लिहून ठेवायचा आणि पुढे थेट त्या पत्त्यावर जायचं. आधीपासून पत्ता ठरलेला नसतो, चालू झाल्यावरच जोडणी होते.

"म्हणजे आमच्या वाड्यावाणीच," तात्या मधेच म्हणाले. आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. "सकाळी एक माणूस म्होरं जातो. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची ते ठरवून येतो. मग मागनं समदा वाडा तिथंच येतो. रान कंचंबी असू दे, आमची मांडणी तीच. चूल वाऱ्याच्या आडोशाला, चुलीजवळ कोकरं, पलीकडं मेंढरांची वाघर." वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी, हे मला हौसानं हळूच सांगितलं.

"तेच की, तात्या," ती म्हणाली. "आन् पत्ते लिवून झाले की तक्त्याला कुलूप घालायचं. नायतर मधीच कुणी पत्ता खोडून दुसरा लिवला, तर मेंढरं भलत्याच्याच रानात."

तात्यांना राग आला. "भलत्याच्या रानात कशी जात्यात? मी काय झोपलोय व्हय?"

आम्ही खूप हसलो. पण पुढे जे घडलं त्यात मला हे वाक्य वारंवार आठवलं.

कुंडलच्या पुढे एका गावात, नाव मुद्दाम लिहीत नाही, नदीचं पाणी पंपानं उचलून उसाला देणारी शेतकऱ्यांची संस्था होती. हौसाचा डबा तिथे बसला होता. लांबच लांब पाइप, त्यावर जागोजागी व्हॉल्व्ह. पंपाजवळची शेतं सुरुवातीची, आणि शेवटच्या टोकाची शेतं ती टेलची. पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून पाळी असते: आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. प्रत्येक गावाचे पाळीचे नियम वेगळे. म्हणून हौसानं ते नियम मूळ प्रोग्रामात न घालता वेगळ्या लायब्ररीत ठेवले होते. डबा चालू झाला की विचारायचा, पाळी सांगणारा कुठे आहे?

लांबच्या कामांसाठी तिनं एक जुनी जीप ठेवली होती, तीतून आम्ही दोघी एके सकाळी निघालो होतो. मला सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीकडे सोडून ती पुढे जाणार होती. वाटेत तिचा फोन वाजला. टेलला शेत असलेल्या मालनबाई. आवाज इतका खणखणीत की मलाही ऐकू येत होता.

"ताई, तुमच्या डब्यात माझं पाणी दिसतंय. माझ्या सरीत न्हाई."

हौसानं जीप वळवली. मला म्हणाली, "बाई, तुमच्या बहिणीला सांगा, जेवाय थांबू नका."

मालनबाई बांधावर उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात खुरपं. त्यांच्या उसाची पानं टोकाशी वाळत चालली होती. हौसा डब्याकडे गेलीच नाही. आधी ती व्हॉल्व्हपाशी जाऊन बसून राहिली. पाणी आलं, सरी भिजायला लागली, आणि पाळी संपायच्या कितीतरी आधी व्हॉल्व्ह बंद झाला. तिनं पंपघरात जाऊन डब्याचा पडदा पाहिला. पडद्यावर मालनबाईंची पाळी अजून चालू होती.

मग तिनं जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. मी छत्री धरून उभी. ती डब्यातली एकेक फाइल उघडून बघत गेली. शेवटी पंपावरच्या रामभाऊंना हाक मारली.

"रामभाऊ, ह्या डब्याला पेनड्राइव्ह कुणी लावलावता?"

रामभाऊ गुडघा चोळत आले. "मीच लावतो की, दर आठवड्याला. विजेच्या वेळापत्रकाचा. तुमीच सांगितलंय."

"त्यो न्हाई. दुसरा."

"व्हय, एक आबांच्या पुतण्यानं दिलावता. पुण्यात कंपनीत हाय त्यो. म्हटला, नवीन वेळापत्रक हाय, लावा. लावला."

आबा म्हणजे संस्थेचे चेअरमन. त्यांचं शेत पंपाच्या अगदी जवळ.

शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि ते वेळापत्रक बदलत राहतं, हे तुम्हाला तिकडे बसून माहीत नसेल. ते डब्याला सांगावं लागतं. पासवर्ड, बटणं, हे सगळं रामभाऊंना जमेना, म्हणून हौसानं त्यांच्यासाठी एक कप्पा उघडा ठेवला होता: पेनड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप आत जायचं. आणि पाळीच्या नियमांची लायब्ररीही त्याच कप्प्यात होती, कारण पहिल्यांदा तीही तशीच आली होती. आमच्या भागातल्या विजेची रीत माहीत असलेल्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याची काळजी असलेल्या माणसाच्याच हातून होणारी ही चूक.

"एकाच पिशवीत भाकरी आन् रॉकेलची बाटली ठेवली मी, बाई," ती म्हणाली. "आतली समदी कुलपं शाबूत हायेत. हुकुमावर कुणी लिवलं न्हाई. पत्त्याच्या तक्त्याला कुणी हात लावला न्हाई. डब्यानं रीतसर विचारलं, पाळी सांगणारा कुठं हाय? मी त्याला ज्या घरात पाठवलं, त्या घराला दारच नव्हतं. आत त्याच नावाचा दुसराच इसम येऊन बसलावता. ह्यानं इमानदारीनं त्याला आत घेतला, चालवायची परवानगीबी दिली. पडद्यावर पाळी पुरी दाखवतोय, आन् पाणी तोडून वर देतोय."

"मी काय झोपलोय व्हय?" हे तात्यांचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. पण मला वाटतं, आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं.

आबांनी आम्हाला घरी बोलावलं. चहा, बिस्किटं, पंख्याचं तोंड आमच्याकडे. माणूस गोड बोलणारा.

"हौसाबाई, पोरगं हाय, केली गंमत. तुमी तुमचं परत बसवा. संध्याकाळी मिटिंग हाय, तवा सांगू, वीज पडली, डबा बिघडला. कुणाचंच वाईट नको."

हौसानं कप उचलला, पण ओठाला लावला नाही.

आबांनी बशीत चहा ओतला. "तुमच्या तिकडं आता योजनेचं पाणी येतंय म्हणं. तुमच्याच गावच्या कमिटीनं मला इचारलंय, डबा कसा हाय. काय सांगू?"

मी हौसाकडे पाहिलं. या कामासाठी ती वर्षभर झुरत होती, हे मला ठाऊक होतं. ज्या गावात पाणी नाही म्हणून तिच्या घराला दरवर्षी पाठीवर संसार घेऊन निघावं लागलं, त्या गावात पहिल्यांदा पाइपातून पाणी येणार होतं, आणि ते पाळीनं वाटणारा डबा आपला असावा, एवढंच तिचं मागणं होतं. तात्यांनी अर्धी मेंढरं विकून डाळिंबाची रोपं लावली होती.

"सांगा की जे हाय ते," हौसा म्हणाली, आणि कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

मिटिंग संस्थेच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली. टेलची माणसं एका बाजूला, पंपाजवळची दुसऱ्या. सुरुवातीपासूनच आवाज चढलेले.

"यंत्रच चोर हाय!"

"यंत्र कशाला चोरंल? यंत्र करणाऱ्या बाईनं खाल्लं असंल!"

हौसा उठून उभी राहिली. कॉलेजात मी पुष्कळ वक्ते ऐकले. असं छोटं भाषण ऐकलं नव्हतं.

"यंत्र चोर न्हाई. टेलचं पाणी तुटत होतं, हे खरं हाय. डब्याचं एक दार उघडं ऱ्हायलंवतं, आन् ते माझ्या हातनं ऱ्हायलं. वीज पडली न्हाई. रामभाऊंची चूक न्हाई. चूक माझी."

मग मागून कुणीतरी विचारलं, "पण दारातनं आत कोण आलं?"

"मी दाराचं सांगतीया. आत कोण आलं, ते तुमचं गाव हाय. तुमी बघा."

आबा टेबलाकडे पाहत होते. मालनबाई पुढे आल्या, खुरपं अजून हातातच, आणि अगदी सहज म्हणाल्या, "आबा, औंदा तुमचा ऊस लय उंच झालाय हं."

आधी एक माणूस हसला, मग चार, मग सगळी शेड. शेवटी आबांनाही हसावं लागलं, पण घाम पुसत. न्यायालयात जे व्हायला वर्षं लागली असती, ते त्या हसण्यात झालं. पुढच्या पाळ्यांतून टेलचं पाणी भरून द्यायचं, असं तिथेच ठरलं.

हौसा बसली नव्हती. "आजपास्नं दोन कप्पे येगळे. वेळापत्रकाचा कप्पा रामभाऊंचा. त्यात काय वाट्टेल ते टाका, त्यातलं काहीबी चालणार न्हाई. डबा ते फकस्त वाचंल. पाळीच्या नियमाचा कप्पा बंद. तो बदलायचा तर आधी पंप बंद, इथं समदी माणसं गोळा, मग किल्ली फिरवायची. किल्ली टेलच्या माणसाकडं. पंप चालू असताना कुणाला बदलता येणार न्हाई. मलाबी न्हाई."

एक तरुण म्हणाला, "मॅडम, तुमाला फोनवरनंबी न्हाई?"

"न्हाई."

"मग तुमी मालकीण कसल्या?"

"मी कवा म्हटलं मालकीण हाय म्हणून?"

किल्ली मालनबाईंनी कमरेच्या पिशवीत टाकली.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी जीप थांबवून हौसानं तात्यांना फोन लावला. "तात्या, गावचं काम मिळंल असं काय वाटत न्हाई."

"का गं?"

"खरं बोलले."

पलीकडे तात्यांनी मेंढराला हाकारलेलं मलाही ऐकू आलं. मग तात्या म्हणाले, "बरं. भाकरी खाल्लीस का?"

त्यानंतर बरेच दिवस गेले. ती कामाला जायची, यायची, पण जिन्यावरून येताना गुणगुणायची ते थांबलं होतं. मी काही विचारलं नाही. फक्त रोज संध्याकाळी चहाला दोन कप काढत राहिले.

आणि मग एके दिवशी ती धाडधाड जिना उतरून आली. "बाई, काम मिळालं!"

"कसं काय?"

"आबांनी शिफारस केली!"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण खरंच तसं झालं होतं. तिच्या गावच्या कमिटीनं आबांना पुन्हा विचारलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "लय तरास देतोय त्यो डबा. काय केल्या आत शिरता येत न्हाई. त्योच घ्या."

आता फोटोच्या दिवसाकडे येते.

तिच्या गावात पहिलं पाणी सुटायचं होतं. मला तिनं बरोबर नेलं. लाल, दगडाळ माळ, बाभळी, आणि त्यातून गेलेला नवा काळा पाइप. अख्खं गाव जमलं होतं. मेंढरंही होती, आणि त्यांना गर्दीचं काही कौतुक नव्हतं. पंप चालू झाला. पाइपात आधी नुसती हवा खोकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बायकांनी पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. एक म्हातारी पाण्यात हात बुडवून तशीच बसून राहिली. हौसा चपला काढून चिखलात उतरली, आणि मलाही उतरवलं.

पहिली पाळी पंपाजवळच्या शेतांची. तात्यांचं डाळिंब अगदी टेलला. गावातली चार शहाणी माणसं पुढे आली. "तात्या, तुमची पोरगी हाय म्हणून आज ह्यो दिवस. पहिलं पाणी तुमच्या रानात सोडू. कुणाची ना न्हाई."

तात्यांना मोह झाला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मुक्काम केलेला माणूस तो. ते हौसाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हौसे, माझी पाळी कवा?"

"परवा, तात्या."

"पाणी तर आज आलंय."

"आज वरच्यांचं हाय."

"तुझ्या त्या फोनवरनं जरा..."

"येत न्हाई, तात्या."

"येत न्हाई का करत न्हाईस?"

"येत न्हाई. मीच तसं करून ठेवलंय."

"आन् पंप बंद करून? ही समदी माणसं हायेतच की."

हौसानं पाण्यात हात बुडवून बसलेल्या म्हातारीकडे बोट केलं. "करता येतंय. आत्ता बंद करायला सांगू का?"

तात्या म्हातारीकडे पाहत राहिले. मग मुलीकडे. मिशीवरून हात फिरवला. आणि अचानक वळून, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ऐकलं का रं! पंप चालू असताना माझ्या पोरीलासुदिक बदलता येत न्हाई! म्या बापानं मागितलं, तरी न्हाई!"

मुलीला सोन्याचं पदक मिळाल्याची बातमी सांगावी, तसं ते सांगत होते. हौसा मान खाली घालून चिखलात पायाच्या बोटानं रेघा ओढत होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते तुम्ही फोटोत पाहिलंत, कारण त्याच वेळी मी माझा फोन तात्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आमचा एक फोटो काढा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढला. आणि काढतानाही माळाकडे वळून ते तेच ओरडत होते. म्हणून तो वाकडा आलाय. नीट करून घेऊ नका.

हौसानं नंतर कारखाना तिकडेच हलवला. वरच्या खोल्यांत तिनं विचारून मारलेले दोन खिळे तेवढे आहेत. तिचे फोन येतात. पण डोळ्यांपुढे आणायची म्हटली तर ती मला त्या दिवशी परत निघताना दिसली तशीच दिसते.

कारखान्यातला एक मुलगा मला साताऱ्याला सोडायला निघाला होता, आणि जीप माळावरून वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तात्या खांद्यावर घोंगडी टाकून टेलकडे, आपल्या डाळिंबाकडे चालले होते. मागून हौसा, एका हातात चपला, दुसऱ्या हातात त्यांच्या भाकरीची पिशवी.

"आवं तात्या, पाळी परवा हाय! आत्तापास्नं तिथं जाऊन काय करताय?"

तात्या थांबले नाहीत. नुसता हात वर केला.

"पाणी नवीन हाय गं ह्या मुलखात," ते तिथूनच ओरडले. "त्याला पत्ता सांगाय कुणीतरी नको व्हय?"